निवडीची व्याकरणे : संख्याशास्त्रीय संगणकभाषांतील उपसंच-निवडीचा इतिहास

१. विषय आणि त्याची मर्यादा

कोणत्याही गणनेला प्रारंभ होण्यापूर्वी एक निर्णय घेतला गेलेला असतो. हाती आलेल्या नोंदींपैकी कोणत्या हिशेबात धरावयाच्या आणि कोणत्या बाजूस ठेवावयाच्या, हा तो निर्णय होय. सरासरी, विचलन, सहसंबंध यांची सूत्रे पाठ्यपुस्तकांत सविस्तर सांगितलेली असतात. परंतु ती सूत्रे ज्या नोंदींना लावली त्या कशा निवडल्या, याची माहिती पुष्कळदा एखाद्या तळटीपेत आटोपलेली आढळते. याच कारणास्तव निवडीच्या क्रियेचा स्वतंत्र इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. यंत्रांचा इतिहास आहे, सूत्रांचा आहे, सूत्रे शोधून काढणाऱ्यांचाही आहे. निवडीचा मात्र त्यांच्या आधाराने शोधून काढावा लागतो.

प्रस्तुत लेखात हा इतिहास एका मर्यादित क्षेत्रात पाहावयाचा आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ साली जन्मलेली ‘एस’ ही भाषा आणि न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात १९९० नंतरच्या दशकात तिच्यापासून निघालेली ‘आर’ ही भाषा, या दोहोंत सामग्रीचा उपसंच निवडण्याची जी रीत रूढ झाली तिची पूर्वपीठिका, तिचे स्वरूप आणि तिचे परिणाम यांचा येथे ऊहापोह केला आहे. ही रीत केवळ लेखनसौकर्याची बाब नव्हे, हे दाखविणे हा या विवेचनाचा हेतू आहे. निवड कोणत्या स्वरूपात लिहिली जाते यावर ती दुसऱ्यास तपासता येते की नाही हे अवलंबून असते. आणि जी निवड तपासता येत नाही तिच्यावर उभारलेला निष्कर्ष विश्वासावरच स्वीकारावा लागतो.

२. पत्त्यांची चळत

यंत्राच्या साहाय्याने उपसंच निवडण्याचा पहिला मोठा प्रयोग १८९० च्या अमेरिकन जनगणनेत झाला. हर्मन हॉलेरिथ यांनी त्या गणनेसाठी प्रत्येक व्यक्तीमागे एक छिद्रित पत्ता वापरला. पत्त्यावरील छिद्राच्या जागेवरून लिंग, वय, जन्मस्थान इत्यादी गोष्टी कळत. पत्ता यंत्राच्या दाबपट्टीखाली ठेवला की छिद्रांतून सुया खालच्या पाऱ्याच्या पेल्यांत उतरत, विद्युत्‌मंडल पुरे होई आणि संबंधित गणकाचा काटा एका घराने पुढे सरके. रिलेंची जोडणी योग्य प्रकारे केली तर दोन-तीन अटी एकदम पुऱ्या करणाऱ्या व्यक्तीच तेवढ्या मोजता येत. तर्कशास्त्रात ज्याला ‘आणि’ म्हणतात ते अव्यय येथे तारेच्या जोडणीत अवतरले होते.

पुढे वर्गीकरण करणारी स्वयंचलित यंत्रे आली आणि पत्त्यांची प्रत्यक्ष विभागणी यंत्रच करू लागले. मात्र असे यंत्र एका वेळी पत्त्याच्या एकाच रकान्याकडे पाही. चाळीस वर्षांवरील विधवा स्त्रियांचे पत्ते वेगळे काढावयाचे असतील तर सगळी चळत यंत्रातून पुनःपुन्हा फिरवावी लागे आणि दर फेरीला एका खणातील गठ्ठा उचलून पुढच्या फेरीस लावावा लागे.

या पद्धतीच्या दोन बाजू इतिहासकाराच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, निवड ही येथे वस्तूची प्रत्यक्ष हालचाल होती. उपसंच काढला म्हणजे मूळ संच मोडला. तो पूर्वीच्या क्रमाने लावावयाचा तर पुन्हा श्रम आले. दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. कोणता रकाना, कोणत्या क्रमाने, कोणत्या खणातला गठ्ठा, हे सारे यंत्र चालविणाऱ्याच्या हातात आणि फार तर त्याला दिलेल्या सूचनापत्रात असे. काम संपल्यावर उरे ती बेरजांची सारणी. ती बेरीज ज्या निवडीतून आली ती निवड तिच्याबरोबर वाचकापर्यंत पोहोचत नसे.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना ही अडचण वेगळ्या संदर्भात परिचित आहे. गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० पासून १९३४ पर्यंत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्या निवडीचे उपकार मोठे आहेत. परंतु कोणता कागद का घेतला आणि कोणता का ठेवला, हे एखाद्या नियमात बांधून दुसऱ्याला तीच निवड पुन्हा करता येईल, अशी ती गोष्ट नव्हती. जाणत्या संपादकाच्या विवेकाची जागा नियम घेऊ शकत नाही. आकड्यांच्या सामग्रीची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे नियम सांगता येतो आणि म्हणूनच तो न सांगणे हा दोष ठरतो.

३. अट म्हणजे वाक्य

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात संगणक विद्यापीठांतून आणि कचेऱ्यांतून रुळू लागला आणि पत्त्यांच्या फेऱ्यांची जागा आज्ञावलीने घेतली. फोरट्रानसारख्या भाषेत निवड करावयाची म्हणजे प्रत्येक नोंदीवरून एक आवर्तन चालवावयाचे, आवर्तनात अट तपासावयाची आणि अट खरी ठरल्यास ती नोंद दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्यावयाची. येथे निवड लिहिली जाऊ लागली हे खरे. परंतु आवर्तनाचा मोजपट्टा, जागांची तरतूद, बेरजेचे आरंभीचे शून्य यांच्या गर्दीत मूळ अट शोधून काढावी लागे.

यावर दोन दिशांनी उपाय झाले. एक दिशा सामाजिक शास्त्रांच्या आणि शेतीसंशोधनाच्या गरजेतून निघाली. १९६८ साली स्टॅनफर्ड येथे तयार झालेल्या ‘एसपीएसएस’ या आज्ञासंग्रहात ‘सिलेक्ट इफ’ अशी सरळ आज्ञा होती. तिच्यापुढे अट लिहिली की पुढील सर्व गणना तेवढ्याच नोंदींवर होई. नॉर्थ कॅरोलायनातील विद्यापीठीय कामातून वाढलेल्या आणि १९७६ पासून स्वतंत्र संस्थेकडे गेलेल्या ‘सॅस’मध्येही तशीच सोय आहे. तेथे एकेक नोंद पुढे येते आणि अट न पाळणारी नोंद तेथेच सोडून दिली जाते. दोहोंतही निवड ही एक आज्ञा आहे, म्हणजे क्रियापद आहे. ती दिली की सामग्रीची स्थिती बदलते आणि पुढची प्रत्येक ओळ वाचताना त्या बदललेल्या स्थितीचे स्मरण ठेवावे लागते.

दुसरी दिशा गणिताच्या लेखनपद्धतीतून आली. हार्वर्ड येथे अध्यापन करून पुढे आयबीएममध्ये गेलेल्या केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला; त्यातील लेखनपद्धतीतूनच पुढे ‘एपीएल’ ही भाषा झाली. आयव्हर्सन यांच्या पद्धतीत संपूर्ण सदिश हाच एक पदार्थ मानला जातो. सदिशाची एखाद्या संख्येशी तुलना केली तर उत्तर म्हणून तेवढ्याच लांबीचा शून्य आणि एक यांचा सदिश मिळतो. आणि हा सदिश मूळ सदिशाला लावला की ज्या जागी एक आहे तेवढेच घटक उरतात. आयव्हर्सन यांनी या क्रियेस ‘संकोच’ या अर्थाचे नाव दिले. आवर्तन नाहीसे झाले, मोजपट्टा नाहीसा झाला. उरली ती अट आणि जिला ती लावावयाची ती सामग्री. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अट ही आता केवळ चाचणी न राहता स्वतःच एक मूल्य झाली. ते मूल्य साठवून ठेवता येते, मोजता येते, दुसऱ्या अटीशी जोडता येते, छापून डोळ्यांखाली घालता येते.

याच सुमारास, १९७० साली, आयबीएममधील एडगर कॉड यांनी सारणीरूप सामग्रीचा संबंधविषयक सिद्धांत मांडला. ओळींची निवड आणि रकान्यांची निवड या दोन स्वतंत्र क्रिया होत, हा भेद त्यात रेखीवपणे प्रस्थापित झाला आणि १९७४ पासून चेंबरलिन व बॉइस यांच्या भाषेने तो व्यवहारात आणला. पुढील कथेत या भेदाचा पुन्हा संबंध येणार आहे.

४. बेल प्रयोगशाळेतील चौकटी कंस

न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत संख्याशास्त्राचा मोठा विभाग होता आणि जॉन ट्यूकी यांचा त्या विभागाशी निकटचा संबंध होता. सामग्रीकडे प्रथम मोकळ्या दृष्टीने पाहावे, आलेख काढावा, विचित्र दिसणारा बिंदू क्षणभर बाजूस ठेवून पुन्हा पाहावे, ही ट्यूकी यांची शिकवण १९७७ च्या त्यांच्या ग्रंथात ग्रथित झाली आहे. या पद्धतीने काम करावयाचे तर निवड ही एकदा करून संपणारी पूर्वतयारी राहत नाही. ती मिनिटामिनिटाला करावी लागते आणि तितक्याच सहज मागेही घ्यावी लागते. फोरट्रानमधील उपक्रमांचा भरपूर संग्रह विभागाजवळ होता. पण एक छोटा प्रश्न विचारण्यासाठी एक पुरी आज्ञावली लिहावी लागे.

या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी ५ मे १९७६ रोजी जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी एकत्र बसले आणि एका नव्या प्रणालीची रूपरेषा आखली गेली. रिचर्ड बेकर आणि चेंबर्स हे तिचे प्रमुख कर्ते. पुढे ॲलन विल्क्स त्यांना येऊन मिळाले. प्रारंभी हनीवेल यंत्रावर चालणारी ही प्रणाली लवकरच युनिक्सवर आली आणि ‘एस’ हे एकाक्षरी नाव तिला मिळाले. १९८४ साली बेकर व चेंबर्स यांचा आणि १९८८ साली बेकर, चेंबर्स व विल्क्स यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एपीएलचे ऋण भाषेच्या घडणीत दिसून येते. मात्र एपीएलची विशेष चिन्हे न घेता साध्या टंकावर मिळणाऱ्या चौकटी कंसांवर काम भागविण्यात आले.

निवडीच्या दृष्टीने या परंपरेचे वैशिष्ट्य असे की, एकाच कंसात अनेक प्रकारचे निर्देशक लिहिता येतात आणि प्रकारावरून अर्थ ठरतो. धन पूर्णांक लिहिल्यास त्या त्या क्रमांकाचे घटक मिळतात. ऋण पूर्णांक लिहिल्यास ते घटक वगळून बाकीचे मिळतात. तार्किक सदिश लिहिल्यास जेथे ‘खरे’ असेल तेवढे घटक मिळतात. नावे लिहिल्यास त्या नावांचे घटक मिळतात. आणि कंसातील जागा रिकामी ठेवल्यास सर्वच्या सर्व मिळतात. धन आणि ऋण निर्देशक एकत्र लिहिणे भाषेस मान्य नाही, कारण घ्यावयाचे आणि वगळावयाचे अशा दोन आज्ञा एकाच श्वासात दिल्या तर अर्थ संदिग्ध होतो. चाळीस वर्षांवरील व्यक्तींचे उत्पन्न हवे असेल तर लिहावयाचे ते इतकेच :

उत्पन्न[वय > ४०]

या ओळीत क्रियापद नाही. ती आज्ञेपेक्षा नामाच्या जवळची आहे. ‘ज्यांचे वय चाळिसाहून अधिक आहे त्यांचे उत्पन्न’ असा तिचा अर्थ आहे. हे पद सरासरीच्या सूत्रात, आलेखात वा आणखी एखाद्या निवडीत जसेच्या तसे ठेवता येते. मूळ ‘उत्पन्न’ तसेच राहते, कारण निवडीतून नवी प्रत निर्माण होते. हॉलेरिथच्या पत्त्यांत उपसंच काढताना मूळ संच मोडत असे. येथे दोन्ही एकत्र नांदू लागले. ट्यूकी यांच्या पद्धतीला हवी असलेली मोकळीक यातून मिळाली.

ऋण निर्देशकाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. इतर बहुतेक पद्धतींत वगळणे म्हणजे न घेणे. म्हणजे जे वगळले त्याचा नामनिर्देश होत नाही. येथे वगळलेल्या नोंदीचा क्रमांक प्रत्यक्ष लिहावा लागतो. एकोणिसावी नोंद गाळली, ही गोष्ट आज्ञावलीत उघड दिसते आणि ‘का?’ हा प्रश्न वाचणाऱ्यास विचारता येतो.

५. सारणी, गहाळ मूल्ये आणि सोयीची किंमत

जुन्या एसमध्ये चौकोनी सारणीतील सर्व घटक एकाच जातीचे असावे लागत. वय संख्येत आणि जिल्हा अक्षरांत, असे दोन रकाने एका सारणीत घातले तर संख्यादेखील अक्षररूप होत. प्रत्यक्ष पाहणीची सामग्री तर नेहमी मिश्र असते. १९९२ साली चेंबर्स व ट्रेव्हर हेस्टी यांनी संपादित केलेल्या ग्रंथात ‘डेटा फ्रेम’ ही रचना पुढे आली. समान लांबीच्या, पण भिन्न जातींच्या रकान्यांची ही यादी सारणीसारखीही वागते. ओळींसाठी एक निर्देशक आणि रकान्यांसाठी दुसरा, मध्ये स्वल्पविराम, असे तिचे लेखन होते. कॉड यांनी वेगळ्या केलेल्या दोन क्रिया अशा रीतीने एकाच कंसात शेजारी येऊन बसल्या.

याच सुमारास ऑकलंड येथे रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी अध्यापनाच्या उपयोगासाठी एससारखीच, परंतु आतील घडणीत ‘स्कीम’ या भाषेचा आधार घेतलेली एक भाषा रचावयास घेतली. १९९३ च्या ऑगस्टमध्ये तिची पहिली वार्ता बाहेर आली, १९९५ साली ती मुक्त परवान्याखाली सर्वांस खुली झाली, १९९६ साली तिच्यावरील निबंध प्रसिद्ध झाला, १९९७ साली तिचा सांभाळ करणारा गट स्थापन झाला आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.०.० ही आवृत्ती निघाली. निवडीचे व्याकरण आरने जवळजवळ जसेच्या तसे एसकडून घेतले. त्यामुळे एका प्रयोगशाळेपुरते असलेले हे व्याकरण जगभरच्या विद्यार्थ्यांस विनामूल्य शिकता येऊ लागले. भारतातही मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘फॉसी’ या मुक्त-आज्ञावली प्रकल्पात आरचा समावेश आहे.

परंतु व्याकरण संक्षिप्त झाले म्हणजे त्यात न बोललेले नियमही येतात. त्यांतील चार येथे नमूद करावयास हवेत.

पहिला नियम गहाळ मूल्यांचा. एखाद्या व्यक्तीचे वय माहीत नसेल तर ‘वय चाळिसाहून अधिक आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर खरेही नाही आणि खोटेही नाही; ते अज्ञात आहे. संबंधविषयक भाषांत अशी ओळ मुकाट्याने गळून पडते. आरचा चौकटी कंस तसे करीत नाही. तो त्या जागी सर्व रकाने गहाळ असलेली ओळ परत देतो. नवशिक्यास हे त्रासदायक वाटते, पण त्यामागे एक सचोटी आहे : मला ठाऊक नाही, हे उत्तर दडविले जात नाही.

दुसरा नियम आवृत्तीचा. तार्किक सदिश सामग्रीहून आखूड असेल तर तो पुन्हा पहिल्यापासून लावला जातो. एकाआड एक नोंद घेण्यास हे सोयीचे आहे. पण चुकीच्या लांबीचा सदिश लावला गेला तर कोणतीही सूचना न होता भलतीच निवड होते.

तिसरा नियम आकारलोपाचा. सारणीतून एकच रकाना निवडला तर उत्तर सारणी न राहता सदिश होते. हाताने काम करणाऱ्यास ते हवेच असते. आज्ञावली लिहिणाऱ्याची मात्र त्यामुळे फसगत होते, कारण निवडीत किती रकाने येतील हे त्यास नेहमीच आधी ठाऊक नसते.

चौथी गोष्ट नियमांच्या संयोगातून उद्भवते. अट पुरी करणाऱ्या नोंदींचे क्रमांक ‘व्हिच’ या फलनाने काढावयाचे आणि ऋण चिन्ह लावून त्या वगळावयाच्या, ही रीत पुष्कळ ठिकाणी आढळते. वगळण्याजोगी एक तरी नोंद असेपर्यंत ती बरोबर चालते. एकही नसेल तर क्रमांकांची यादी रिकामी होते, रिकाम्या यादीला ऋण चिन्ह लावले तरी ती रिकामीच राहते, आणि रिकामी यादी म्हणजे काहीच न निवडणे. काहीही वगळू नये अशी स्थिती असताना सर्व सामग्रीच वगळली जाते.

या अडचणींवर वेळोवेळी उपाय निघाले आणि प्रत्येक उपायाने एक नवी देवघेव केली. पीटर डालगार्ड यांच्या ‘सबसेट’ या फलनात सारणीचे नाव पुनःपुन्हा लिहावे लागत नाही आणि गहाळ उत्तर हे ‘खोटे’ धरले जाते. मात्र हे फलन समोर बसून काम करण्यासाठी आहे, आज्ञावलीत कंसच वापरावा, असा इशारा त्याच्या अधिकृत वर्णनातच दिलेला आहे. २००६ पासून मॅट डाऊल यांचे ‘डेटा.टेबल’ आले, त्याने कंस ठेवून त्यातच गटवारी गणनाही सामावली. २०१४ साली हॅडली विकहॅम व रोमें फ्रांस्वा यांचे ‘डीप्लायर’ आले. त्यात कंस बाजूस ठेवून ओळींसाठी ‘फिल्टर’ आणि रकान्यांसाठी ‘सिलेक्ट’ अशी दोन क्रियापदे योजिली आहेत. एपीएलपासून चालत आलेल्या नामरूप निवडीकडून कॉड यांच्या परंपरेतील क्रियारूप निवडीकडे हे परतणेच होय. गहाळ उत्तर येणाऱ्या ओळीही तेथे गळून जातात. वाचनसुलभता वाढली, अज्ञाताची नोंद मात्र वाचकाच्या नजरेआड गेली.

६. निवडीचे परिणाम : दोन उदाहरणे

येथवरचे विवेचन केवळ भाषाशास्त्रीय कुतूहलाचे वाटण्याचा संभव आहे. म्हणून निवडीवर प्रत्यक्षात काय अवलंबून असते ते दोन सुविदित प्रसंगांवरून पाहू.

पहिला प्रसंग ‘चॅलेंजर’ या अवकाशयानाचा. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या आतच ते नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. आदल्या रात्री अभियंते व अधिकारी यांच्यात दूरध्वनीवरून चर्चा झाली होती. दुसऱ्या दिवशी तापमान ३१ अंश फॅरनहाइटच्या आसपास राहील असा अंदाज होता आणि थंडीचा अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कड्यांवर परिणाम होतो काय, हा प्रश्न होता. पूर्वीच्या ज्या २३ उड्डाणांचे अग्निबाण परत मिळाले होते त्यांपैकी ७ उड्डाणांत कड्यांना इजा झालेली होती. विचार झाला तो या सातांचा. त्यांची तापमाने ५३ पासून ७५ अंशांपर्यंत पसरलेली असल्याने तापमानाशी निश्चित संबंध दिसत नव्हता.

अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने १९८६ सालीच दाखवून दिले की, इजा न झालेली उड्डाणेही धरली असती तर चित्र पार पालटले असते. ६३ अंश व त्याखालील चारही उड्डाणांत इजा झाली होती. ६६ अंश व त्यावरील १९ उड्डाणांपैकी १६ निर्दोष होती. १९८९ साली दलाल, फाउल्क्स व होडली यांनी याच सामग्रीचे संख्याशास्त्रीय विश्लेषण करून थंडीतील धोक्याचे मापन केले. येथे सूत्र चुकले नव्हते, आकडेही चुकले नव्हते. ‘जेथे इजा झाली ती उड्डाणे’ ही अट स्वाभाविक वाटली. पण ज्या गोष्टीचे कारण शोधावयाचे तिच्याच आधारे निवड केल्यावर कारण दिसण्याची वाटच बंद झाली. अनेक अभियंत्यांनी उड्डाणास विरोध केला होता, हेही येथे सांगितले पाहिजे. हाती असलेल्या सामग्रीतून त्यांच्या शंकेला मिळू शकणारे बळ मात्र त्या निवडीमुळे मिळाले नाही.

दुसरा प्रसंग अर्थशास्त्रातील आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० साली एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या प्रगत देशांत १९४६ ते २००९ या काळात सरासरी वाढीचा दर उणे ०.१ टक्का होता, असे त्यात दाखविले होते. सरकारी खर्च आखडता घ्यावा असे म्हणणाऱ्यांनी त्याचा आधार घेतला. अमेरिकन प्रतिनिधी पॉल रायन यांच्या अंदाजपत्रकी योजनेत आणि युरोपीय आयुक्त ओली रेन यांच्या प्रतिपादनात त्याचा उल्लेख आला.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन, मायकेल ॲश व रॉबर्ट पॉलिन यांनी २०१३ साली मूळ हिशेबतक्ता मिळवून तपासला. सरासरीचे सूत्र तक्त्याच्या ३० ते ४९ या ओळींवर लागावयास हवे होते. ते ३० ते ४४ एवढ्याच ओळींवर लागले होते. त्यामुळे डेन्मार्क, कॅनडा, बेल्जियम, ऑस्ट्रिया व ऑस्ट्रेलिया हे पाच देश हिशेबातून निसटले. याशिवाय काही देशांची युद्धोत्तर वर्षे धरलेली नव्हती. न्यूझीलंडचे १९५१ हे एकच वर्ष, उणे ७.६ टक्के दराचे, उरले होते आणि ब्रिटनच्या १९ वर्षांच्या सरासरीइतकेच वजन त्याला मिळाले होते. या सर्व गोष्टी दुरुस्त केल्यावर सरासरी २.२ टक्के निघाली. न्यायबुद्धीने सांगावयाचे तर या फरकात ओळी निसटल्याचा वाटा लहान होता. वर्षांची निवड आणि वजनाची पद्धत यांचा मोठा. मूळ लेखकांनी तक्त्यातील चूक मान्य केली, मात्र वर्षे हेतुतः निवडली हा आरोप अमान्य केला. आणि अधिक कर्जाबरोबर वाढीचा दर कमी आढळतो हे आपले प्रतिपादन त्यांनी कायम ठेवले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट वेगळीच आहे. हिशेबतक्त्यातील निवड एका घरात दडलेली असते. दिसतो तो आकडा. कोणत्या ओळींवरून तो आला हे त्या घरावर जाऊन पाहिल्याखेरीज समजत नाही. हर्नडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपली फेरतपासणी आर भाषेत लिहिली आणि ती आज्ञावली सर्वांस खुली केली. त्यांनी कोणते देश, कोणती वर्षे धरली, हे शब्दशः वाचता येते. त्यांच्याशी ज्यांना मतभेद व्यक्त करावयाचा असेल त्यांनाही तो नेमक्या ओळीवर बोट ठेवून व्यक्त करता येतो.

७. समारोप

वरील इतिहासातून काही निष्कर्ष काढता येतात. हॉलेरिथच्या काळात निवड ही हाताची क्रिया होती आणि तिची खूण मागे राहत नसे. आज्ञासंग्रहांच्या काळात ती आज्ञा झाली. आयव्हर्सन यांच्या लेखनपद्धतीतून ती पद झाली आणि बेल प्रयोगशाळेतील भाषेने ते पद रोजच्या वापरात आणले. आरने ते सर्वांच्या हाती दिले. प्रत्येक टप्प्यावर निवड अधिक संक्षिप्त झाली. पण संक्षेपाबरोबरच अध्याहृत नियमही वाढत गेले, आणि अलीकडील काळात सोपेपणासाठी काही नियम पुन्हा नजरेआड गेले.

लिखित निवड म्हणजे योग्य निवड नव्हे, हे चॅलेंजरच्या उदाहरणावरून उघड होते. ‘इजा झालेली उड्डाणे’ ही अट आरमध्ये एका ओळीत निर्दोषपणे लिहिता येते आणि तरीही ती चुकीचीच राहते. कोणतेही व्याकरण विचारणाऱ्याचा प्रश्न सुधारू शकत नाही. व्याकरण एवढेच करू शकते की, प्रश्न कसा विचारला गेला हे ते पुसू देत नाही. पुसले न जाणे ही लहान गोष्ट नव्हे. राइनहार्ट-रोगॉफ प्रकरणात चूक सापडण्यास जी तीन वर्षे लागली ती त्या हिशेबाची निवड वाचकांसमोर नव्हती म्हणून लागली.

पदव्युत्तर प्रबंधांत आज आकडेवारीचा उपयोग सर्रास होतो. परिशिष्टात सूत्रे आणि सारण्या दिल्या जातात. त्यांच्या जोडीला निवडीच्या ओळीही द्याव्यात. किती नोंदी आल्या, किती अटीने गळल्या आणि किती अज्ञात उत्तरामुळे गळल्या, हे तीन आकडे स्वतंत्रपणे नमूद करावेत, असे सुचवावेसे वाटते. त्याला अर्धे पानही लागत नाही. पुढे तोच प्रबंध हाती घेणाऱ्या संशोधकाला मात्र त्या अर्ध्या पानावरून वगळलेल्या नोंदींपर्यंत परत जाता येईल.